जुन्या टॅटूच्या जागी चेहरा: ब्लॅक अँड ग्रे पोर्ट्रेट कव्हर-अपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना टॅटू नकोसा झाला आहे आणि त्याच जागी कुणाचा तरी चेहरा हवा आहे, असं सांगत येणाऱ्या माणसाला एक गोष्ट लपवायची असते आणि दुसरी, तिच्याहून कितीतरी मोलाची, दाखवायची असते. ही दोन्ही कामं त्वचेच्या एकाच तुकड्यावर होत नाहीत. बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात. मी कव्हर-अपचं, म्हणजे जुना टॅटू नव्या चित्रात झाकण्याचं काम करते. पहिल्या भेटीत जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जुन्या टॅटूवर थेट चेहरा काढता येतो का?

थेट नाही. जुन्या टॅटूवर सावली काढायची आणि चेहरा तिच्या शेजारच्या कोऱ्या त्वचेवर आणायचा, अशी या कामाची रीत आहे.

चेहरा ओळखू येतो तो त्यावर पडलेल्या उजेडामुळे. कपाळ, नाकाचा कणा, गालाचं हाड, खालच्या ओठाचा फुगवटा, हनुवटीचा गोलावा या जागा टॅटूत जवळजवळ कोऱ्याच सोडाव्या लागतात. तिथे खाली जुनी रेघ असेल तर ती गालावरच्या व्रणासारखी दिसत राहते. याउलट केस, दाढी, भुवईखालची खोबण, जबड्याखालची सावली, कोटाची कॉलर, खांद्यावरची शाल, मागचा काळोख या जागा मुळातच गडद असतात. जुनी शाई यांच्यात मुरवता येते.

त्यामुळे सावली कुठे पडणार हे तुमचा जुना टॅटू ठरवतो. सावलीची जागा पक्की झाली की चेहरा कुठे बसेल, कोणत्या बाजूला वळलेला असेल, केवढा असेल आणि त्यासाठी कोणता फोटो चालेल, हे त्या क्रमाने ठरत जातं. बरेचजण फोटो पक्का करूनच येतात आणि मग तो जुन्या टॅटूवर बसवण्याची धडपड सुरू होते. कव्हर-अप फसण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हा उलटा क्रम आहे.

नवी शाई जुन्या शाईच्या वर बसून तिला झाकते ना?

भिंतीला रंग दिल्यासारखं त्वचेत होत नाही. टॅटूची शाई त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात राहत नाही, कारण तो थर सतत झडून नवा येत असतो. सुई त्याच्या खालच्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोलवर, शाई सोडते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत 2018 मध्ये असं दिसून आलं की या पेशी मेल्यावर शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा उचलतात. टॅटू वर्षानुवर्षं एका जागी टिकतो तो असा.

नवी शाई याच थरात, जुन्या कणांच्या शेजारी जाऊन बसते. बाहेरून पाहताना दोन्ही मिळून एकच रंग दिसतो, एकावर एक ठेवलेल्या दोन रंगीत काचांसारखा. दोन काचांमधून येणारा उजेड एका काचेपेक्षा कमीच असणार. म्हणूनच कव्हर-अपमध्ये त्वचा फक्त आणखी गडद करता येते. उजळ करण्याची सोय सुईत नाही.

मग आधी पांढऱ्या शाईने जुना टॅटू पुसून घेतला तर?

नाही जमत. पांढरी शाई टायटॅनियम डायऑक्साइडची असते. काम चालू असताना ती झाकल्यासारखी वाटते, म्हणून अनेकांची फसगत होते. जखम भरली की काळे कण तिच्यातून पुन्हा दिसू लागतात आणि त्या जागेला मळकट राखाडी छटा येते. शिवाय पुढे कधी लेझर करावं लागलं तर पांढरी शाई लेझरने काळवंडू शकते. बुबुळातल्या चमकेसारख्या एखाद्या ठिपक्यापुरती पांढरी शाई मी वापरते, तीही कोऱ्या त्वचेवर.

माझा टॅटू झाकण्याजोगा आहे का, हे घरी कसं पाहायचं?

दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता त्याचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये तो ब्लॅक अँड व्हाइट करा. डोळे किलकिले करून पाहा. जुनी शाई आजूबाजूच्या त्वचेत विरल्यासारखी वाटली तर काम सोपं आहे. ती ठसठशीत काळी उभी राहिली तर त्या जागी तितकंच किंवा त्याहून गडद काहीतरी यावं लागेल.

मग दिवा बाजूला धरून, उजेड त्वचेवरून घसरत जाईल असा ठेवून पुन्हा पाहा. डोळे मिटून बोट फिरवा. रेघा बोटाला लागत असतील तर तिथे व्रण आहे. रंग लपवता येतो, उंचवटा शाईने लपत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी गोष्ट म्हणजे भोवतालची मोकळी जागा. तळहाताएवढ्या टॅटूभोवती दुसरे टॅटू दाटीवाटीने असतील तर चेहऱ्याला कोरी त्वचा मिळणार कुठून?

रेघा उठून आल्या आहेत. त्यांचं काय करायचं?

त्यांना सोबत घ्यायचं. उठलेली रेघ गुळगुळीत गालावर लगेच दिसते, पण केसांच्या बटेत, दाढीच्या खरखरीतपणात, विणलेल्या कापडाच्या चुण्यांत किंवा झाडाच्या खोडासारख्या खडबडीत पार्श्वभूमीत तिच्याकडे लक्ष जात नाही. केसांचा प्रवाह त्या रेघेच्या दिशेनेच वळवला तर आणखी बरं. व्रण लाल, खाजरा, वाढत असलेला किंवा मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरलेला असेल, तर मात्र तो केलॉइड असू शकतो. त्यावर सुई चालवू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नवा टॅटू जुन्यापेक्षा किती मोठा होईल?

साध्या कव्हर-अपला जुन्याच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते, असा या धंद्यात ढोबळ अंदाज धरतात. पोर्ट्रेटमध्ये मी त्याहून जास्तच धरते, कारण जुनी शाई झाकणारा भाग वेगळा आणि चेहरा वेगळा. चेहऱ्यालाही स्वतःचा किमान आकार लागतो. शाई वर्षांनुवर्षं हळूहळू पसरते. पापण्यांच्या बारीक रेघा आणि ओठांमधली फट एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यात अंतर हवं. कपाळापासून हनुवटीपर्यंत दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान चेहरा घ्यायला मी सहसा तयार होत नाही. मनगटावर मावेल एवढा चेहरा आज सुरेख दिसेल, पण दहा वर्षांनी डोळ्यांच्या जागी दोन डाग उरले तर तो चेहरा कुणाचाच राहणार नाही.

फोटो कसा आणायचा?

एका बाजूने उजेड आलेला. ही एक अट पाळली तर बाकी पुष्कळ निभावून नेता येतं.

समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सगळा चेहरा सारखाच उजळलेला असतो. नाकाला उठाव नाही, गालाला वळण नाही, डोळ्यांना खोली नाही. ओळखपत्रावरचे फोटो बहुधा असेच असतात आणि दुर्दैवाने गेलेल्या माणसाचा अनेकदा तेवढाच एक फोटो हाती असतो. कव्हर-अपसाठी तर अशा फोटोत अडचण दुप्पट. लपायला सावलीच नसते.

एका मुलाच्या दंडावर ठळक अक्षरांतलं जुनं नाव होतं आणि त्याला वडिलांचा चेहरा हवा होता. आणलेला फोटो स्टुडिओतला, समोरून काढलेला. मी त्याला घरच्या अल्बममधले सगळे फोटो पुन्हा चाळायला सांगितलं, विशेषतः वडिलांना न सांगता काढलेले. चार दिवसांनी तो एक छोटा फोटो घेऊन आला. त्यात वडील खिडकीशी बसून वाचत होते. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, मागे भिंतीवर गडद सावली. ती सावली त्या नावावर बरोबर बसली. स्टुडिओतल्या फोटोपेक्षा हाच खरा त्यांचा चेहरा आहे, असं त्याच्या आईने पाहताच म्हटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की ठेवणीतले फोटो बाजूला ठेवा आणि माणूस आपल्याच नादात असतानाचे शोधा.

फोटो शक्य तितका मोठा आणि मूळ स्वरूपातला आणा. मेसेजमधून फिरून आलेल्या फोटोचे बारकावे दाबले गेलेले असतात. कागदावरचा जुना फोटो असेल तर तो स्कॅन करा, काचेच्या फ्रेमवरून मोबाईलने टिपू नका. ॲपने चेहरा 'स्वच्छ' करून आणू नका. ती ॲप्स सुरकुत्या, तीळ आणि डोळ्यांखालची वळणं पुसतात आणि नसलेले तपशील स्वतःच्या मनाने भरतात. आजीच्या हनुवटीवरचा तीळ गेला तर तिथे दुसरीच कुणी बाई बसलेली असते.

एकाच माणसाचे तीन-चार फोटो आणले तर फार मदत होते. गोंदायचा फोटो एकच असला तरी कानाचा आकार, केसांची रेषा, हसताना पडणारी खळी हे बाकीच्या फोटोंतून कळतं.

डिझाइन नेमकं कसं तयार होतं?

आधी जुन्या टॅटूचा नकाशा बनतो. मी पारदर्शक फिल्म त्वचेवर ठेवून त्याच्या कडा मार्करने उतरवून घेते आणि सर्वांत गडद जागांवर फुल्या करते. सगळी शाई सारखी गडद नसते. एखाद्या वळणावर रेघ दोनदा फिरवलेली असते, कुठे ती फिकी पडलेली असते. डिझाइनचे खरे अडथळे म्हणजे या फुल्या. बाकीची फिकट शाई पुष्कळ काही सहन करते.

मग त्या भागाचा सरळ समोरून फोटो घेऊन ड्रॉइंगच्या ॲपमध्ये टाकते आणि त्यावर नवं चित्र वेगळ्या लेअरवर ठेवते. इथे एक खुबी आहे. नव्या लेअरचा मोड 'नॉर्मल' ठेवला तर नवं चित्र जुन्याला पूर्ण झाकतं आणि सगळंच सुरेख दिसतं. ते खोटं चित्र असतं. मोड 'मल्टिप्लाय' केला की दोन्हीचा गडदपणा एकत्र येतो आणि त्वचेत काय होणार याच्या बरंच जवळचं दृश्य समोर येतं. जुनी रेघ नाकावरून जात असेल तर ती तिथे स्पष्ट दिसते. तुमच्या आर्टिस्टने नुसता कोऱ्या पांढऱ्या कागदावरचा चेहरा दाखवला, तर तो तुमच्या त्वचेच्या फोटोवर मल्टिप्लाय करून दाखवायला सांगा. यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

यानंतर मी चेहरा सरकवत राहते. वर, खाली, उलट बाजूला वळवून, थोडा तिरका करून. फोटो आडवा उलटवताना जपावं लागतं. भांग, तीळ, वाकडं हसू दुसऱ्या बाजूला जातं आणि घरच्यांना चेहरा 'काहीतरी चुकल्यासारखा' वाटतो. म्हणून उलटवण्याआधी विचारायचं.

चेहऱ्याची जागा ठरली की उरलेल्या गडद फुल्यांसाठी आधार शोधायचा. केस थोडे दाट करता येतात, शालीची घडी वर ओढता येते, मागे धूर, ढग, पानं किंवा नुसता काळोख आणता येतो. रेघ लपवायची असेल तर तिच्यावर आणखी शाई ओतून उपयोग नसतो, कारण त्याने ती आणखी काळी होते आणि रेघच राहते. तिच्या भोवतालचा भाग तिच्याइतका गडद करायचा, म्हणजे तिला कडाच उरत नाही. नजर नेहमी कड शोधते. कव्हर-अपमधलं निम्मं कौशल्य कडा मोडण्यात आहे.

उरलेलं निम्मं नजर दुसरीकडे नेण्यात. चित्रात सगळ्यात तीव्र काळं-पांढरं जिथे शेजारी शेजारी येतं तिथे पाहणाऱ्याची नजर आधी जाते. ती जागा डोळ्यांची असली पाहिजे, आणि जुनी शाई जिथे पुरली आहे तिथे काळ्याशेजारी फक्त गडद करडं असावं.

चेहरा कोणत्या बाजूला पाहणारा असावा?

साधारणपणे शरीराच्या आतल्या बाजूला, छातीकडे. बाहेर पाहणारा चेहरा शरीरापासून दूर निघाल्यासारखा वाटतो. पण कव्हर-अपमध्ये जुनी शाई जिकडे असेल तिकडे डोक्याची मागची बाजू न्यावी लागते आणि कधी कधी त्यासाठी हा नियम सोडावा लागतो. मी तो सोडते. गालावर जुनी रेघ दिसण्यापेक्षा चेहरा बाहेर पाहणारा असलेला बरा.

त्वचा सपाट कागद नाही, हेही लक्षात ठेवा. तळहात वळवला की पुढच्या हाताची त्वचा पीळ पडल्यासारखी फिरते. त्यामुळे हात सैल सोडून, नेहमीच्या स्थितीत उभं राहूनच स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी त्वचेवर उतरवायचा चित्राचा छाप, लावायचं. कोपर आणि गुडघ्यावर तर चेहरा नकोच.

ब्लॅक अँड ग्रे म्हणजे करडी शाई वापरतात का?

बहुतेक वेळा काळी शाईच पातळ करून वापरतात. काळ्या शाईत शुद्ध पाणी कमी-जास्त मिसळून तीन ते पाच छोट्या कपांत वेगवेगळ्या छटा तयार होतात. याला ग्रे वॉश म्हणतात. तयार ग्रे वॉशच्या बाटल्याही मिळतात. सगळ्यात उजळ छटा म्हणजे तुमची स्वतःची त्वचा.

या शैलीची मुळं अमेरिकेतल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या तुरुंगांतल्या टॅटूंत आहेत. टेपरेकॉर्डरच्या मोटरवर गिटारच्या तारेची सुई बसवून, मिळेल त्या एकाच काळ्या रंगात तिथे चेहरे काढले जात. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 1975 मध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे टॅटूचं दुकान सुरू झालं. चार्ली कार्टराइट, जॅक रूडी आणि नंतर तिथे आलेले फ्रेडी नेग्रेटे यांनी ही बारीक सुईची पद्धत तुरुंगातून दुकानात आणली आणि तिथून ती जगभर गेली. साधनं तुटपुंजी होती, म्हणून सगळा भर छटांवर पडला. आजही पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याला बाह्यरेषा काढत नाहीत. एक छटा संपून दुसरी सुरू होते तीच कड.

माझा जुना टॅटू रंगीत आहे. तो काळ्या-करड्याखाली जाईल?

गडद काळ्याखाली जवळपास कुठलाही रंग जातो. करड्याखाली मात्र रंग जागा राहतो. जुन्या लालवर पातळ करडा दिला तर तो तपकिरी-जांभळट दिसतो, हिरव्यावर शेवाळी. फिकं पिवळं सहसा त्रास देत नाही. म्हणून रंगीत टॅटूचा भाग केसांत किंवा पार्श्वभूमीत, घट्ट काळ्याच्या पट्ट्यात घ्यायचा. एक जास्तीची काळजी: जुन्या लाल भागाला कधी खाज, सूज किंवा पुरळ येत असेल तर ती त्या रंगाची ॲलर्जी असू शकते. त्यावर पुन्हा सुई चालवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

जुना काळा टॅटू निळसर दिसतो म्हणून काहीजण त्याला रंगीत समजतात. काळ्या शाईवरच्या त्वचेत उजेड विखुरतो, त्यामुळे ती निळसर भासते. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

त्वचा सावळी असेल तर करड्या छटा दिसतील का?

हो. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे असतो ते शाईच्या वरच्या थरात असतं, म्हणजे शाई आपण त्या रंगाच्या पडद्यातूनच पाहतो. पडदा जितका गडद, तितक्या मधल्या छटा एकमेकींजवळ येतात. मग पाच छटांऐवजी तीन वापरायच्या, त्यांच्यात भरपूर अंतर ठेवायचं आणि उजेडाच्या जागा निर्धाराने कोऱ्या सोडायच्या. सावळ्या त्वचेवर सगळीकडे पातळ करडा फासला की चेहरा धुरकट होतो. यात दोष आर्टिस्टच्या हिशोबाचा असतो. त्वचेला दोष देऊन ज्याला परत पाठवलं आहे अशा प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

कव्हर-अपच्या दृष्टीने सावळ्या त्वचेचा एक फायदाही आहे. जुनी शाई आणि त्वचा यांच्यातला फरक मुळातच कमी असतो, त्यामुळे ती लवकर विरते.

आधी लेझर करून घ्यावं का?

चेहऱ्याच्या उजळ भागाखालीच जुनी शाई येत असेल आणि चेहरा हलवायला जागा नसेल, तर हो. टॅटू पूर्ण काढायचा नसून फिका करायचा असतो, त्यामुळे पूर्ण काढण्याच्या मानाने कमी फेऱ्या पुरतात. अनेकांचं दोन-चार फेऱ्यांत काम होतं. दोन फेऱ्यांत साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. लेझर शाईचे कण फोडतं, पण ते वाहून नेण्याचं काम शरीर आपल्या गतीने करतं.

काळ्या शाईसाठी 1064 नॅनोमीटरचं लेझर वापरतात. या तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषून घेतं, म्हणून सावळ्या त्वचेसाठीही ते तुलनेने सुरक्षित आहे. लाल शाईला 532 लागतं आणि त्यात सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका जास्त. लेझर त्वचारोगतज्ज्ञांकडेच करा. शेवटच्या फेरीनंतर किमान दोन महिने, शक्य तर त्याहून जास्त थांबून मगच सुई लावायची.

सगळा टॅटू फिका करण्याची गरज नसते. डिझाइन आधी बनवलं तर नेमक्या कोणत्या दोन-तीन सेंटिमीटरवर लेझर हवं हे दाखवता येतं. पैसा, वेळ आणि दुखणं, तिन्ही वाचतात.

टॅटू काढणारी म्हणून विकली जाणारी ॲसिडची क्रीम आणि मीठ घासण्याचे प्रकार कृपा करून टाळा. शाई तिथेच राहते आणि वर व्रण येतो. मग माझ्या हातातही फार काही उरत नाही.

किती बैठका लागतात?

दोन किंवा तीन धरून चला. पहिल्या बैठकीत मी गडद भाग आणि चेहऱ्याची मुख्य छटा घेते. मग सहा ते आठ आठवडे त्वचा भरू द्यायची. दुसऱ्या वेळी जिथे जुनी शाई डोकावते आहे तिथे पुन्हा गडद करायचं आणि बारीक काम करायचं. सगळं एका दिवसात उरकून देण्याचा आग्रह धरू नका. त्याच जागी सुई पुन्हा पुन्हा फिरली की त्वचा फाटते, शाई खाली पसरते आणि नवा व्रण तयार होतो.

दुखणं जास्त असतं का?

चेहऱ्याच्या भागात नेहमीसारखंच. घट्ट काळं भरताना वेळ जास्त जातो, तेव्हा जाणवतं. जुन्या व्रणावर काहींना जास्त दुखतं, काहींना काहीच वाटत नाही.

खपली गेली आणि जुना टॅटू परत दिसायला लागला. फसलं का?

हा फोन मला जवळजवळ प्रत्येक कव्हर-अपनंतर येतो, साधारण तिसऱ्या आठवड्यात. घाबरू नका. ताज्या टॅटूत शाई वरच्या थरातही असते आणि त्वचा सुजलेली असते, त्यामुळे सगळं घट्ट काळं दिसतं. वरचा थर झडला की त्यातली शाई जाते, नव्या त्वचेचा चमकदार, दुधी पापुद्रा काही आठवडे राहतो आणि त्यातून जुनी आकृती पुसटशी दिसते. खरा निकाल दोन महिन्यांनी कळतो. त्यानंतरही रेघ दिसत असेल तर दुसरी बैठक त्यासाठीच आहे.

पण जुनी रेघ गालावर किंवा कपाळावर दिसत असेल तर ती दुसऱ्या बैठकीतही जाणार नाही. तिथे चूक आखणीत झालेली असते. अशा वेळी चेहरा आणखी गडद करत नेण्यापेक्षा थांबावं आणि तेवढ्या भागावर लेझरचा विचार करावा.

नंतर काळजी काय घ्यायची?

हात स्वच्छ धुतल्याशिवाय टॅटूला लावू नका. सौम्य साबण आणि पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मलमाचा अगदी पातळ थर द्या. खपली ओढू नका. पोर्ट्रेटमध्ये ओढलेल्या एका खपलीबरोबर अर्धी पापणी जाऊ शकते. तीन-चार आठवडे पोहणं आणि पाण्यात बुडून बसणं बंद. ऊन टाळा. त्वचा पूर्ण भरल्यावर बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन कायम लावा. ऊन आधी हलक्या करड्या छटा खातं आणि चेहऱ्याची सगळी कोवळीक त्यांच्यातच असते.

लाली पसरत चालली, पू आला, ताप आला किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

कुणी हे करून घेऊ नये?

गरोदर असताना थांबा. रक्त पातळ करणारी औषधं, नियंत्रणात नसलेला मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार किंवा केलॉइडची प्रवृत्ती असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आर्टिस्टलाही खरं सांगा. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तिळावर शाई घालायची नाही. जुन्या टॅटूत एखादा तीळ असेल तर मी त्याच्याभोवती मोकळी जागा सोडते, मग ती चेहऱ्याच्या सावलीत कितीही खटकली तरी. तिळाचा रंग किंवा कड बदलणं ही त्वचेच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. ती दिसायलाच हवी.

आर्टिस्ट कसा निवडायचा?

पोर्ट्रेट चांगली करणारे अनेक असतात, कव्हर-अप चांगले करणारेही असतात, पण दोन्ही येणारे कमी. त्यामुळे दोन्हीची कामं पाहायला मागा आणि ती भरून आल्यानंतरची, किमान काही महिन्यांची जुनी असू द्या. ताज्या टॅटूचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो. कव्हर-अपचा आधीचा फोटो शेजारी ठेवून, जुनी शाई कुठे गेली ते बोट ठेवून विचारा. ज्याने खरंच आखणी केली आहे तो आनंदाने सांगेल.

सुया एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर पाकीट फोडलेल्या असाव्यात. शाई तुमच्यापुरती वेगळ्या कपात काढलेली असावी आणि उरलेली फेकली जावी. हातमोजे बदलले जात आहेत का, ते पाहा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, यात भिडस्तपणा परवडत नाही.

आणि जो आर्टिस्ट तुमचा जुना टॅटू हातात धरून न पाहता, नुसत्या फोटोवरून "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडे घाई करू नका.

सगळं करूनही चेहरा बसतच नसेल तर?

मग पूर्ण चेहऱ्याचा हट्ट सोडायचा. जुना टॅटू मोठा आणि काळाकुट्ट असेल तर तो गडद पानाफुलांनी किंवा काळ्या कापडाच्या घड्यांनी झाकून चेहरा वरच्या कोऱ्या भागावर वेगळा घेता येतो. पाठमोरं माणूस काढता येतं, ज्याची चाल आणि खांदे पाहूनच घरचे ओळखतात. हातही काढता येतात. एका बाईंना आईचा चेहराच हवा होता, पण तिचा एकही धड फोटो नव्हता आणि खाली जुन्या टॅटूतलं काळं पदक होतं. शेवटी आम्ही आईचे दोन हात घेतले, सुईत दोरा ओवतानाचे, मनगटाच्या वर सगळा अंधार. जुनं पदक त्या अंधारात गेलं. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या मात्र आम्ही एकही गाळली नाही.